पोटातील दुर्मीळ बुरशीसंसर्ग : तुकडा बाटलीत जाण्यापूर्वी घरच्यांनी काय करावे

बुरशी म्हटली की आपल्याला पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आठवतात, गजकर्ण आठवते, किंवा करोनाच्या काळात नाका-डोळ्यांना ग्रासणारा म्युकरमायकोसिस आठवतो. आतडे, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी यांनाही बुरशी धरू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. असे क्वचितच घडते. पण घडते तेव्हा ही बुरशी कर्करोगाचे, क्षयाचे किंवा मुतखड्याचे सोंग घेऊन येते आणि रुग्णाचे मोलाचे महिने भलत्याच औषधावर निघून जातात. मी कोकणातल्या प्रयोगशाळांत गेली अनेक वर्षे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत आले आहे. डॉक्टरांनी काय करावे हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या घरच्या माणसाने काय विचारावे, कोणते कागद जपावेत आणि कोणत्या वेळी संकोच बाजूला ठेवून बोलावे, तेवढेच इथे सांगायचे आहे.

संशय कधी घ्यावा

पोटदुखीच्या बहुतेक रुग्णांना बुरशी नसतेच. जंत, आम्लपित्त, विषमज्वर, अपेंडिक्स, मुतखडा ही नेहमीची कारणे आधी पाहावीत आणि डॉक्टर ती पाहतातच. संशयाला जागा होते ती नेहमीचे उपचार पुरेसा काळ देऊनही ताप उतरत नाही, वजन घटत जाते आणि स्कॅनच्या अहवालात दोन-तीन आजारांची नावे 'किंवा' घालून लिहिलेली असतात तेव्हा.

आतड्याच्या बाबतीत लक्षात ठेवावी अशी बुरशी म्हणजे बॅसिडिओबोलस रॅनॅरम. आइडाम या संशोधकाने १८८६ साली तिचे वर्णन केले ते बेडकांच्या विष्ठेवरून, आणि नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थही 'बेडकांची' असाच आहे. बेडूक, पाली, सरडे यांच्या आतड्यात ती राहते आणि त्यांच्या विष्ठेतून मातीत व कुजणाऱ्या पाल्यात उतरते. माणसातला तिचा आजार १९५६ साली इंडोनेशियात प्रथम ओळखला गेला, तोही कातडीखालच्या गाठींच्या रूपात. भारतातही मुख्यतः मुलांच्या मांडीवर आणि कुल्ल्यावर अशा लाकडासारख्या टणक गाठी आढळतात. पोटातला प्रकार त्याहून विरळा आहे. सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग, इराण आणि अमेरिकेतील ॲरिझोना या प्रदेशांतून त्याचे रुग्ण अधिक नोंदले गेले असून भारतातूनही काही नोंदले गेले आहेत. दूषित माती किंवा अन्न तोंडावाटे पोटात गेल्याने तो होत असावा, असे मानले जाते. आपल्याकडे न्हाणीघरात पाल, विहिरीच्या काठावर बेडूक आणि परसात कुजणारा पातेरा हे रोजचेच चित्र आहे. पण एवढ्यावरून कोणी भिऊ नये, कारण त्यांच्या संगतीत पिढ्यानपिढ्या वाढल्या आणि तरीही हा आजार दुर्मीळच राहिला.

या आजारात पोटात, बहुधा उजव्या बाजूला, हाताला लागणारी गाठ येते. ताप रेंगाळतो, वजन उतरते, कधी शौचावाटे रक्त जाते, तर कधी बद्धकोष्ठ होते. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याची भिंत जाड दिसते आणि अहवालात कर्करोग, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), क्षय किंवा क्रोन्सचा आजार (आतड्याला दीर्घकाळ राहणारी सूज) असे लिहून येते. यात एक खूण अशी आहे की जी घरच्यांनाही वाचता येते, ती म्हणजे साध्या सीबीसी अहवालातली इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची ओळ. या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारणपणे पाचशेच्या आत असतात. या आजारात त्या पुष्कळदा बऱ्याच वाढलेल्या असतात, आणि कर्करोगात किंवा क्षयात तसे सहसा होत नाही. जंतांमुळे, दम्यामुळे आणि काही औषधांमुळेही त्या वाढतात, म्हणून आधी शौचाची तपासणी करून घ्यावी. परंतु पोटातली गाठ, ताप आणि वाढलेले इओसिनोफिल या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर 'ही बुरशी असू शकेल का?' असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विशेषतः क्रोन्सचा आजार समजून स्टिरॉइड सुरू करण्याचे ठरत असेल, तर हा प्रश्न पहिली गोळी घेण्याआधी विचारावा, कारण बुरशी असताना स्टिरॉइड दिले तर तिला मोकळे रान मिळते.

मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे वेळ महिन्यांत नव्हे, तासांत मोजावा लागतो. म्युकर गटातली बुरशी सहसा अनियंत्रित मधुमेह, अवयवरोपण किंवा स्टिरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना धरते. पण फक्त मूत्रपिंडाला होणारा म्युकरमायकोसिस भारतात एरवी धडधाकट असलेल्या तरुणांमध्येही आढळलेला आहे. कंबरेच्या एका बाजूला असह्य दुखणे, थंडी वाजून ताप आणि लघवीतून रक्त ही लक्षणे मुतखड्यासारखीच असल्याने पहिले काही दिवस त्या समजुतीत जातात. प्रतिजैविके देऊनही ताप हटत नाही, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू येत नाहीत, मूत्रपिंड सुजलेले आहे आणि सीटी स्कॅनमध्ये शिरेतून दिलेला रंग (डाय) ते घेत नाही असे दिसले, तर त्या रात्री गावातल्या रुग्णालयात थांबू नये. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते आणि अवयव मरू लागतो; त्यामुळे नुसत्या औषधाने भागत नाही, बहुतेक वेळा मूत्रपिंड काढावे लागते. मालवण-सावंतवाडीकडून गोव्यातील बांबोळी, रत्नागिरीकडून कोल्हापूर किंवा मुंबई, रायगडकडून मुंबई, जिथे मूत्ररोग शल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असेल, तिथे निघावे. निघण्यापूर्वी तिथे फोन करून ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे.

घरी पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णांसाठी खूण साधी आहे. बाहेर आलेल्या पाण्याच्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरावे. अक्षरे वाचता येत नसतील, तर पाणी गढूळ आहे आणि पोटाच्या आवरणाला संसर्ग झाला आहे. तो बहुतेकदा जिवाणूंचा असतो. पण नुकताच प्रतिजैविकांचा कोर्स झालेला असेल, तर कँडिडा ही बुरशीही कारण असू शकते, आणि ती निघाल्यास पोटातली नळी लवकरात लवकर काढावीच लागते. नळी वाचवण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेऊन परळहून गावी परतलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी सावरल्यावरही ताप जात नसेल आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर त्याच कँडिडाचे बारीक गळू यकृतात व प्लीहेत झाले आहेत का, हे पाहण्यासाठी ज्यांनी केमोथेरपी दिली त्या डॉक्टरांकडेच परत जावे.

तुकडा काढण्याचा दिवस

हा संपूर्ण लेख मी ज्या एका गोष्टीसाठी लिहिते आहे, ती अशी. निदान शेवटी तुकड्यावर ठरते, आणि तो तुकडा कोणत्या बाटलीत पडला यावर निम्मे उत्तर अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी पांढऱ्या झाकणाची, चिकटपट्टीने चार वेढे मारलेली एक बाटली माझ्या टेबलावर आली. झाकण उघडताच फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांत पाणी आले. आत नऊ वर्षांच्या मुलाच्या मोठ्या आतड्याचा बोटभर लांबीचा भाग होता, आणि सोबतच्या चिठ्ठीवर कर्करोगाचा संशय लिहिला होता. त्याआधी पाच महिने त्या मुलाला आतड्याचा क्षय समजून गोळ्या चालू होत्या. काचपट्टीवर मला रुंद, पातळ भिंतीचे, क्वचितच पडदे असलेले बुरशीचे धागे दिसले, आणि त्या प्रत्येकाभोवती गडद गुलाबी रंगाचे जाड वेष्टन होते. पावसाळ्यात विहिरीच्या दोरावर शेवाळ चढावे, तसे. या वेष्टनाला स्प्लेंडोर-हॉपली म्हणतात. उपचार सुरू करण्यापुरते ते चित्र पुरेसे होते आणि मुलगा पुढे कित्येक महिन्यांच्या औषधाने बरा झाला. परंतु बुरशी वाढवून तिचे नाव नक्की करता आले नाही, कारण सगळाच्या सगळा भाग फॉर्मलिनमध्ये बुडवलेला होता. फॉर्मलिन मांस टिकवते, पण त्यातला प्रत्येक जीव मारते. दुसऱ्या बाटलीत चण्याएवढा तुकडा सलाईनमध्ये आला असता तर, ही हळहळ मला अजून आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या किंवा बायोप्सीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत विनंती करावी : 'तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवता येईल का? बुरशीचे कल्चर आणि क्षयाची सीबीनॅट तपासणीही व्हावी अशी आमची इच्छा आहे.' कल्चर आणि सीबीनॅट या दोन्हींसाठी सलाईनमधला भाग वेगवेगळ्या बाटल्यांत दिला तर उत्तम. सलाईनमधला तुकडा बर्फात ठेवू नये, कारण म्युकर आणि बॅसिडिओबोलस या बुरशी थंडीत मरू शकतात. तो खोलीच्या तापमानाला, होईल तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. देवगड, गुहागर, दापोलीसारख्या ठिकाणी शस्त्रक्रिया असेल आणि कल्चर करणारी प्रयोगशाळा दूर असेल, तर शस्त्रक्रिया सकाळी ठेवता येईल का हे विचारावे, म्हणजे दुपारच्या आत माणूस बाटली घेऊन निघू शकतो. ही बाटली पार्सलने पाठवू नये. घरच्या कोणीतरी हातात घेऊन जावी.

चिठ्ठीवर 'बुरशीचा संशय' हे शब्द असले पाहिजेत. ते असले म्हणजे प्रयोगशाळेत तो तुकडा खलात वाटला जात नाही, बारीक कापला जातो; रुंद धाग्यांच्या बुरशी वाटल्या की मरतात आणि कल्चर खोटेच कोरे येते. फॉर्मलिनमधल्या भागावर पीएएस आणि जीएमएस हे बुरशी दाखवणारे विशेष रंग केले जातात, तेही याच शब्दांमुळे. पुढे सांगणार आहे त्या हिस्टोप्लाझ्माची शक्यता असेल, तर चिठ्ठीवर तसे लिहिणे प्रयोगशाळेतल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे, कारण ती बुरशी कल्चरमध्ये वाढली की तिचे बीजाणू श्वासावाटे शरीरात जातात.

आणखी एक गोष्ट. दुर्बिणीतून घेतलेले तुकडे आतड्याच्या वरच्या अस्तराचे असतात, आणि बॅसिडिओबोलस भिंतीच्या खोल थरांत बसते. त्यामुळे अशा बायोप्सीचा अहवाल 'नुसती सूज' असा आला म्हणून विषय मिटत नाही. खोलवरचा तुकडा लागतो का, हे विचारावे. 'ग्रॅन्युलोमा' (सुजेच्या पेशींची बारीक गाठ) हा शब्द आला तरी तो क्षयाचा दाखला समजू नये. बुरशीतही ग्रॅन्युलोमा होतात.

कल्चरच्या उत्तराला लागणारा वेळ बुरशीप्रमाणे बदलतो. म्युकर आणि कँडिडा दोन-तीन दिवसांत वाढतात, बॅसिडिओबोलसला साधारण आठवडा पुरतो, हिस्टोप्लाझ्माला मात्र चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून आठवड्याने 'काही वाढले नाही' असे कळले तरी अंतिम अहवालाची वाट पाहावी. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तो ठोकळा आणि काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मागून घेता येतात. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे जुन्या बायोप्सीचीही फेरतपासणी होऊ शकते. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अवघड नमुने आपल्या प्रयोगशाळेमार्फत तिथे पाठवता येतात.

हात काळे पडणे आणि मीठ खावेसे वाटणे

हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढते. सॅम्युएल डार्लिंग यांनी १९०५ साली पनामात ती प्रथम पाहिली, तेव्हा तो एक परोपजीवी प्राणी आहे असा त्यांचा समज झाला होता. बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथून काही जणांत दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत जाऊन बसतात. भारतात प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांमध्येही हे आढळते. ग्रंथी सुजतात, पुढे निकामी होतात, आणि मग या ग्रंथींत तयार होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडल्याची लक्षणे दिसू लागतात : सततचा थकवा, उठून उभे राहताच अंधारी, ओकाऱ्या, वजन घटणे, खारट खाण्याची ओढ आणि त्वचा काळवंडणे.

हे काळवंडणे आपल्याकडे सहज नजरेतून सुटते. ओले काजू सोलणाऱ्या बाईचे हात चिकाने काळे होतातच, आणि उन्हातान्हात राबणाऱ्याचा चेहरा रापतोच. फरक ओळखायचा तर चिकात हात न घालणाऱ्याच्या तळहाताच्या रेषा पाहाव्यात, आणि सगळ्यांच्याच हिरड्या व ओठांची आतली बाजू पाहावी. चीक तिथे लागत नाही आणि ऊनही तिथे पोहोचत नाही. तिथे काळे डाग असतील, तर रक्तदाब, रक्तातील सोडियम व पोटॅशियम आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासून घ्यावे.

दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या दिसल्या की क्षयाचा विचार आधी होतो, आणि तो रास्तही आहे. परंतु तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू केली, तर दुहेरी नुकसान होऊ शकते : क्षयावरची रिफॅम्पिसिन ही गोळी शरीरातील कॉर्टिसॉल लवकर संपवते, आणि पुढे हिस्टोप्लाझ्मा निघाल्यावर जी इट्राकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी द्यायची, तिचेही रक्तातले प्रमाण ती पार खाली आणते. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो, म्हणून आधी घेतलेल्या क्षयाच्या गोळ्यांची तारीखवार नोंद डॉक्टरांना दाखवावीच.

ज्यांना कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्यांनी त्या एक दिवसही चुकवू नयेत. ताप आला तर डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि ओकाऱ्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनसाठी ताबडतोब जवळचे रुग्णालय गाठावे. खिशात 'मला ॲड्रिनलचा आजार आहे, हायड्रोकॉर्टिसोन द्यावे' अशी मराठी व इंग्रजी चिठ्ठी ठेवावी.

औषधे घेताना

ॲम्फोटेरिसिन शिरेतून दिले जाते. त्याचे साधे आणि लायपोसोमल असे दोन प्रकार असून त्यांचे डोस अगदी वेगळे असतात. बाहेरून औषध आणायला सांगितले तर चिठ्ठीवरचे पूर्ण नाव आणि बाटलीवरचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. ते डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, सलाईनमध्ये नाही. त्याने पोटॅशियम उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रक्ततपासणी वरचेवर होते. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि पोटॅशियम उतरलेल्याला ते चालेलही, पण मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाच्या हृदयाला तेच शहाळे घातक ठरू शकते. त्या दिवशीचा अहवाल पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच द्यावे.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरपेट जेवणाबरोबर घ्याव्यात, कारण त्यांना पोटातले आम्ल लागते. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी आपल्याकडे इतकी सर्रास घेतली जाते की तिला कोणी औषध मानतच नाही. ती या कॅप्सूलचे शोषण रोखते, तेव्हा ती डॉक्टरांना न सांगता चालू ठेवू नये. पातळ औषध असेल तर ते मात्र उपाशीपोटी घ्यायचे असते. सुमारे दोन आठवड्यांनी रक्तातले औषधाचे प्रमाण तपासता येते का, ते विचारावे. पायांना सूज, दम लागणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवावे. कावीळ दिसली म्हणून गावठी औषधाकडे वळू नये. ती इट्राकोनॅझोलमुळे असू शकते. हृदयाची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करण्याची आणि झोपेची औषधे हिच्याबरोबर बाधू शकतात, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. व्होरिकोनॅझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर उन्हाने त्वचा भाजते आणि दृष्टी धूसर होऊ शकते. दर्यावर किंवा शेतात जाणाऱ्याने लांब बाह्यांचे कपडे आणि टोपी वापरावी, आणि रात्री गाडी चालवू नये. म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालत नाही, म्हणून बुरशीचे नाव कळणे इतके महत्त्वाचे ठरते.

उपचार लांबतात. बॅसिडिओबोलसला कित्येक महिने, पसरलेल्या हिस्टोप्लाझ्माला साधारण वर्षभर औषध लागते, आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप जाऊन भूक लागली की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. इओसिनोफिल उतरले, स्कॅनमध्ये गाठ विरली आणि डॉक्टरांनी थांबवा म्हटले, तरच थांबावे. खर्चासाठी दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात ते विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड पिशवीत असू द्यावे.

घर आणि परसू

बेडूक किंवा वटवाघळे मारून काहीही साधत नाही. लावणी करून, गोठा काढून किंवा परसातून आल्यावर नखांसकट हात धुवावेत, पिण्याचे पाणी आणि शिजलेले अन्न पाली फिरतात तिथे उघडे ठेवू नये, आणि माती खाणाऱ्या मुलाला रागे भरण्याऐवजी त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

वर्षभर बंद असलेले घर गणपतीला उघडले की चाकरमानी पहिल्यांदा माळा झाडायला घेतात. माळ्यावर वटवाघळांची किंवा पारव्यांची विष्ठा साचलेली असेल, तर ती कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून ओली करावी, नाका-तोंडावर एन-९५ मास्क बांधावा, ओला केर पिशवीत भरून बाहेर काढावा आणि मगच झाडू लावावा. मूत्रपिंडरोपण झालेले, एचआयव्हीबाधित, केमोथेरपी घेणारे किंवा स्टिरॉइडवर असलेले कोणी घरात असेल, तर त्याला माळा स्वच्छ होऊन धूळ बसेपर्यंत शेजाऱ्यांच्या ओटीवर बसवावे.